दोन मतांचा मतदारसंघ : मुंबई शहर उत्तर ते भंडारा

१/
भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चुलबंद आणि वैनगंगेच्या खोऱ्यात लाखांदूर वसले आहे. मुलूख धानाचा. २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत लाखांदूर या नावाचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. पुढे तो साकोलीत सामावला गेला. त्याच पुनर्रचनेत 'भंडारा' हा लोकसभा मतदारसंघही नकाशावरून गेला आणि 'भंडारा-गोंदिया' आला.
मतदारसंघांची नावे अशी येतात आणि जातात. पण या परिसराने त्याहून मोठी एक गोष्ट पाहिली आणि ती आज जवळजवळ विस्मृतीत गेली आहे. एकेकाळी इथल्या प्रत्येक मतदाराच्या हाती लोकसभेसाठी दोन मते होती.

२/
आजचा थ्रेड त्या दोन मतांविषयी आहे. त्यात दोन लुप्त मतदारसंघ भेटतील. पहिला महानगरी, म्हणजे 'मुंबई शहर उत्तर'. दुसरा ग्रामीण, म्हणजे तत्कालीन मध्य प्रदेशातील 'भंडारा'.
दोहोंमध्ये सुमारे आठशे किलोमीटरचे अंतर. पण त्यांना जोडणारी एक व्यक्ती आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ मध्ये पहिल्या मतदारसंघात पराभूत झाले आणि १९५४ मध्ये दुसऱ्या. या दोन पराभवांची कारणे पक्षांच्या राजकारणात शोधली जातात आणि ती तिथे आहेतही. पण एक कारण खुद्द मतदानाच्या नियमात दडलेले आहे. आपण ते उलगडून पाहू.

३/
प्रथम रचना समजून घेऊ.
पहिल्या लोकसभेच्या निवडणुकीत ४८९ जागा होत्या, पण मतदारसंघ होते ४०१. हिशेब असा : ३१४ एकसदस्य, ८६ द्विसदस्य आणि १ त्रिसदस्य (उत्तर बंगाल).
द्विसदस्य मतदारसंघातून दोन खासदार जात. सामान्यतः त्यांतील एक जागा अनुसूचित जातींसाठी वा जमातींसाठी राखीव असे आणि दुसरी सर्वसाधारण. मतदार मात्र एकच. राखीव जागेसाठी वेगळी मतदार यादी नव्हती. प्रत्येकाला दोन मते आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची, अशी पद्धत होती.

४/
मतदान होई कसे? आजच्यासारखी एकच मतपत्रिका आणि तिच्यावर शिक्का, असे तेव्हा नव्हते. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. मतदाराने आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. निरक्षर मतदारांच्या देशासाठी काढलेला हा साधा तोडगा होता.
द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला दोन कागद मिळत. ते दोन पेट्यांत टाकायचे. दोन्ही एकाच पेटीत टाकले तर? लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार त्यांतले एकच मत मोजले जाई, दुसरे बाद होई.

५/
हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. सारी कथा त्याभोवती फिरते. आणि तो पूर्वी तसा नव्हता.
मागे जाऊ, १९३२ मध्ये. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्य वर्गांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. त्याखेरीज सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांना मत देता येणार होते. एका अर्थाने तीही 'दोन मते'च. पहिल्या मताने स्वतःचा प्रतिनिधी निवडायचा आणि दुसऱ्या मताने सर्वसाधारण उमेदवारालाही आपली दखल घ्यायला लावायची. बाबासाहेबांना या दुसऱ्या मताचे मोल विशेष वाटत होते.

६/
गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, दुसरे मतही गेले. त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघ आणि प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या.
करारात एक संरक्षक तरतूद होती. राखीव जागेसाठी आधी केवळ अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग त्यांतून एकाला सर्व मतदारांनी निवडायचे. समाजाला नकोसा असलेला माणूस त्याचा प्रतिनिधी म्हणून पुढे येऊ नये, हा तिचा हेतू होता. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत राखीव जागा आल्या. ही प्राथमिक निवडणूक आली नाही.

७/
पुणे करारानंतरची पहिली मोठी परीक्षा १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत झाली. बाबासाहेब मुंबईच्या भायखळा-परळ भागातून उभे होते, पक्ष स्वतंत्र मजूर पक्ष. समोर काँग्रेसतर्फे होते विख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू, तेही अस्पृश्य समाजातले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५.
त्या निवडणुकीत मुंबई प्रांतात बहुसदस्य मतदारसंघांसाठी मते एकवटण्याची मुभा होती. मतदाराला जितकी मते, तितकी सगळी तो एकाच उमेदवाराला देऊ शकत असे. संख्येने लहान पण निर्धाराने एकत्र असलेल्या समाजासाठी ही मोठी शक्ती होती.

८/
उदाहरणाने पाहू. समजा, १०० मतदार आहेत आणि प्रत्येकाला दोन मते आहेत. त्यांतील ३० जणांना एकच उमेदवार मनापासून हवा आहे. एकवटण्याची मुभा असेल, तर ते ३० जण त्याला ६० मते देऊ शकतात. उरलेले ७० जण आपली मते दोन उमेदवारांत विभागतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७० येतील. लढत चुरशीची होईल.
एकवटण्यास बंदी असेल, तर त्या ३० जणांकडून उमेदवाराला मिळतात केवळ ३० मते. त्यांचा दुसरा कागद एक तर परक्याच्या पेटीत जातो किंवा वाया जातो. राखीव जागेचा निर्णय आता त्या ७० जणांच्या दुसऱ्या मतावर अवलंबून राहतो.
१९५१ च्या कायद्याने नेमका हाच बदल केला.

९/
आता १९५२ ची मुंबई. शहर आणि उपनगर मिळून लोकसभेचे तीन मतदारसंघ होते. मुंबई शहर दक्षिण, जिथून स. का. पाटील निवडून आले. मुंबई उपनगर, जिथून जयश्री रायजी. आणि मुंबई शहर उत्तर, जो द्विसदस्य होता.
शहर उत्तरमध्ये गिरणगावाचा मोठा भाग येत होता. चाळी, गिरण्या, कामगार संघटना आणि आंबेडकरी चळवळीची जुनी ठाणी. बाबासाहेबांचे परळ-दादरचे सार्वजनिक आयुष्य याच परिसरात गेले होते. १९५१ च्या शरदात ते नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. त्याला हिंदू कोड बिलाची रखडपट्टी हे एक प्रमुख कारण होते.

१०/
त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती. राखीव जागेसाठी आंबेडकर, सर्वसाधारण जागेसाठी समाजवादी नेते अशोक मेहता. काँग्रेसची जोडी होती विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. कम्युनिस्ट पक्षातर्फे श्रीपाद अमृत डांगे मैदानात होते.
म्हणजे एका बाजूला राज्यकर्ता पक्ष आणि दुसऱ्या बाजूला विरोधकांचे दोन तट, तेही एकमेकांविरुद्ध. कामगारांच्या या वस्तीत डाव्या विचारांची मते दुभंगणार, हे आरंभापासूनच उघड होते.

११/
प्रमुख उमेदवारांना मिळालेली मते अशी :
विठ्ठल गांधी (काँग्रेस) — १,४९,१३८
अशोक मेहता (समाजवादी) — १,३९,७४१
नारायण काजरोळकर (काँग्रेस, राखीव) — १,३८,१३७
डॉ. आंबेडकर (फेडरेशन, राखीव) — १,२३,५७६
श्रीपाद अमृत डांगे (कम्युनिस्ट) — ९६,७५५
निवडून आले गांधी आणि काजरोळकर. आंबेडकरांचा पराभव १४,५६१ मतांनी झाला.
आता ही यादी पुन्हा एकदा, सावकाश वाचा.

१२/
पहिली गोष्ट : अशोक मेहतांना काजरोळकरांपेक्षा १,६०४ मते अधिक आहेत, तरी मेहता हरले आणि काजरोळकर जिंकले. यात अन्याय नाही. आरक्षणाचा अर्थच तो. राखीव जागा अनुसूचित जातींच्या उमेदवारांमध्ये पहिल्या आलेल्याला मिळायची आणि तिथे काजरोळकर पहिले होते.
दुसरी गोष्ट : युतीच्या दोन उमेदवारांत १६,१६५ मतांचे अंतर आहे. मेहतांना जितकी मते मिळाली तितकीच आंबेडकरांना मिळाली असती, तर ते १,६०४ मतांनी विजयी झाले असते.

१३/
तिसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. काँग्रेसच्या जोडीतही अंतर आहेच : गांधी आणि काजरोळकर यांच्यात ११,००१ मतांचे. म्हणजे दोन्ही पक्षांकडे राखीव उमेदवाराला आपल्या जोडीदारापेक्षा कमी मते पडली.
एका पक्षाच्या गैरव्यवस्थेने वा एका नेत्याच्या नावडीने हे पूर्णपणे समजावता येत नाही. सर्वसाधारण उमेदवाराला मत देणारे काही हजार मतदार दुसरा कागद हाती घेतल्यावर थबकले किंवा त्यांनी तो अन्यत्र टाकला, असेच आकडे सुचवतात. युतीच्या बाजूला ही गळती अधिक होती, आणि तिथे ती निर्णायक ठरली.

१४/
या निकालावर आंबेडकर आणि मेहता यांनी मिळून निवडणूक याचिका दाखल केली. मते 'कुजवण्याचा' पद्धतशीर प्रचार झाला, हा तिच्यातील मुख्य आक्षेप होता. मतदाराने आपले दोन्ही कागद एकाच पेटीत टाकायचे. एक मोजला जाईल, दुसरा बाद होईल. पण तो दुसऱ्या कुणाच्या, विशेषतः आंबेडकरांच्या कामी येणार नाही. या प्रचाराचा ठपका डांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर ठेवला गेला होता. तब्बल ७४,३३३ मतपत्रिका मोजणीतून बाद झाल्याचे याचिकेत नमूद होते.
याचिका फेटाळली गेली आणि काजरोळकर खासदार राहिले. पण आकडा नोंदवून ठेवण्यासारखा आहे. पराभवाचे अंतर १४,५६१. बाद कागद त्याच्या पाचपट.

१५/
बाबासाहेब लवकरच मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. लोकसभेचे दार मात्र बंदच राहिले. ते पुन्हा किलकिले झाले दोन वर्षांनी आणि तेही भंडाऱ्यात. त्यामागची न्यायालयीन कथा इतकी विलक्षण आहे की कायद्याचे विद्यार्थी ती आजही अभ्यासतात.
भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. जिल्ह्याच्या तहसिली तीन : भंडारा, गोंदिया आणि साकोली. लाखांदूर साकोली तहसिलीत येई. १९५२ मध्ये भंडारा द्विसदस्य मतदारसंघातून काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी (सर्वसाधारण) आणि तुलाराम साखरे (राखीव) निवडून आले होते.

१६/
या निवडीला आव्हान दिले गेले. त्यात दोन प्रश्न होते आणि दोन्ही अस्सल या मातीतले.
पहिला प्रश्न बिडीचा. जसाणी ज्या व्यापारी पेढीचे भागीदार होते, ती बिड्या बनवत असे आणि सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला त्या पुरवत असे. सरकारशी मालपुरवठ्याचा करार असणारा माणूस खासदारकीला अपात्र ठरतो का? तेंदूपत्ता आणि बिडी यांवर ज्या जिल्ह्यातील हजारो घरांच्या चुली पेटत, तिथल्या निवडणुकीचा निकाल बिडीच्याच करारावर येऊन ठेपला.

१७/
दुसरा प्रश्न पंथाचा. गंगाराम ठवरे यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. ते जन्माने महार, पण त्यांनी महानुभाव पंथाची दीक्षा घेतली होती. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेला, जातिभेद न मानणारा हा पंथ. मग पंथात गेलेला माणूस 'महार' उरतो का? निवडणूक अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला होता.
प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले : चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी विरुद्ध मोरेश्वर परशराम. निकाल ९ फेब्रुवारी १९५४ रोजी लागला. तो न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिला.

१८/
न्यायालयाने म्हटले की जात सुटली की नाही, हे ठरवताना तीन गोष्टी पाहाव्या लागतील : जुना समाज त्या माणसाकडे कसे पाहतो, त्या माणसाचा स्वतःचा उद्देश काय आहे आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. या कसोटीवर ठवरे दीक्षेनंतरही महारच राहिले होते. म्हणून त्यांचा अर्ज फेटाळणे चूक होते. बिडीच्या करारामुळे जसाणीही अपात्र ठरले.
अर्जच चुकीने बाद झाल्यामुळे सारी निवडणूक रद्द ठरली. दोन्ही जागा रिकाम्या झाल्या. पोटनिवडणूक मे १९५४ मध्ये ठरली.

१९/
बाबासाहेबांनी राखीव जागेसाठी उभे राहायचे ठरवले. निवड अनाठायी नव्हती. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापनाच १९४२ मध्ये नागपुरात झाली होती आणि नागपूर-भंडारा पट्ट्यात चळवळीची मुळे खोल होती. सर्वसाधारण जागेसाठी उभे होते पुन्हा अशोक मेहता, आता प्रजासमाजवादी पक्षातर्फे. मुंबईत हरलेली जोडी जशीच्या तशी वैनगंगेच्या काठी आली.
राखीव जागेसाठी काँग्रेसचे उमेदवार होते भाऊराव बोरकर. बाबासाहेबांची प्रकृती खालावलेली होती. वैशाखाच्या उन्हात त्यांनी सभा घेतल्या आणि नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर कठोर टीका केली.

२०/
या निवडणुकीतली एक आठवण आंबेडकरी चळवळीत आजही सांगितली जाते. कार्यकर्त्यांपैकी काहींनी सुचवले की, आपल्या मतदारांनी दुसरे मत कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांचे पारडे जड होईल. मुंबईत जे हत्यार आपल्यावर चालवले गेले, ते आता आपण का चालवू नये?
बाबासाहेबांनी त्यास नकार दिला. ज्याने राज्यघटना घडवली त्यानेच मतदाराला मत वाया घालवायला सांगणे त्यांना मान्य नव्हते. आपल्या माणसांनी दोन्ही मते वापरावीत, असा त्यांचा आग्रह राहिला. आठवणीचे शब्द सांगणाऱ्यागणिक बदलतात. आशय एकच राहतो.

२१/
निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी. राखीव जागेवर बोरकर १,४०,८६४, आंबेडकर १,३२,४८३. अंतर ८,३८१ मतांचे.
मतदार तेच, दिवस तेच, पेट्या त्याच खोलीत शेजारी शेजारी. एका कागदाने काँग्रेसला हरवले आणि दुसऱ्या कागदाने काँग्रेसला जिंकवले. मेहतांना जिंकवणाऱ्यांत फेडरेशनच्या मतदारांचा वाटा होता, हे समजायला अवघड नाही. मेहतांना मत देणाऱ्या सर्वांनी दुसरा कागद हत्तीच्या पेटीत टाकला असता, तर निकाल वेगळा लागण्याची दाट शक्यता होती. मुंबईत दिसलेली गळती भंडाऱ्यातही दिसली.

२२/
इथे दुसरी बाजूही नीट ऐकून घ्यायला हवी.
काजरोळकर आणि बोरकर हेही अनुसूचित जातींचेच प्रतिनिधी होते आणि लाखाहून अधिक मतदारांनी त्यांना निवडले होते. संयुक्त मतदारसंघाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, राखीव जागेवरील उमेदवारालाही सर्व समाजांची मते मागावी लागली पाहिजेत. तरच समाज जोडले जातील. अन्यथा प्रत्येक जात आपल्यापुरतीच बोलेल. हा युक्तिवाद पोकळ नाही. स्वतंत्र मतदारसंघांच्या मार्गाने देशाची फाळणी कशी जवळ आली, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते.

२३/
पण बाबासाहेबांचा प्रश्न त्याने मिटत नाही. जागा कुणासाठी आहे आणि ती कुणाच्या मतांनी भरते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. राखीव जागेवर कोण बसणार हे बहुसंख्यांच्या दुसऱ्या मताने ठरत असेल, तर बसणारा माणूस बहुसंख्यांना न दुखावणाराच असण्याचा संभव अधिक. पुणे करारातील प्राथमिक निवडणूक, १९३७ मधील मते एकवटण्याची मुभा ही दोन्ही या धोक्यावरची औषधे होती. १९५२ पर्यंत दोन्ही गेली होती.
त्यांचा हा इशारा १९३२ पासूनचा होता. मुंबई शहर उत्तर आणि भंडारा यांनी त्याला आकड्यांची जोड दिली.

२४/
हीच रचना उलट निकालही देऊ शकत होती, याचा दाखला १९५७ मध्ये मिळाला.
मुंबईतील मतदारसंघांची फेररचना झाली होती. मुंबई शहर उत्तर आता एकसदस्य होता आणि तिथून व्ही. के. कृष्ण मेनन आले. द्विसदस्य मतदारसंघ झाला मुंबई शहर मध्य. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने कम्युनिस्ट आणि फेडरेशन एकाच समितीच्या झेंड्याखाली आले होते. निकाल : सर्वसाधारण जागेवर डांगे, राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यावर मते कुजवल्याचा आरोप होता, त्यांच्या जोडीनेच फेडरेशनचा माणूस लोकसभेत गेला. बाबासाहेब हे पाहायला नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते.

२५/
यंत्र तेच, फरक पडला तो दुसरा कागद प्रामाणिकपणे जोडीदाराच्या पेटीत पडला म्हणून. द्विसदस्य पद्धतीत युती कागदावर होऊन भागत नसे. ती मतदाराच्या हातापर्यंत पोहोचावी लागे.
विदर्भात मात्र काँग्रेसचे बळ टिकून होते. भंडाऱ्याच्या राखीव जागेवर १९५५ मध्ये पोटनिवडणुकीत अनसूयाबाई बोरकर आल्या. म्हणजे पहिल्या लोकसभेच्या काळात या एका जागेने तीन प्रतिनिधी पाहिले. १९५७ मध्ये रामचंद्र मार्तंड हजरनवीस आणि बाळकृष्ण वासनिक ही काँग्रेसची जोडी विजयी झाली.

२६/
मग ही पद्धत गेली का? अवाढव्य मतदारसंघ, दुप्पट प्रचारखर्च आणि मतदारांचा गोंधळ ही कारणे होतीच. त्यात १९५७ मध्ये आंध्रच्या पार्वतीपुरम मतदारसंघात एक वेगळाच पेच पडला. अनुसूचित जमातींचे दोन उमेदवार मतसंख्येत पुढे आले. एकाला राखीव जागा मिळाली आणि दुसरा सर्वसाधारण जागेवर निवडून आला. हरले ते व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झालेले. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ही निवड वैध ठरवली.
१९६१ मध्ये कायदा होऊन द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. १९६२ मध्ये भंडारा आणि गोंदिया (राखीव) असे दोन मतदारसंघ झाले. मतदाराच्या हाती उरले एक मत. १९६७ मध्ये भंडाऱ्याने पुन्हा अशोक मेहतांना निवडले, या वेळी काँग्रेसतर्फे.

२७/
ठवरे खटल्यातील प्रश्नाचेही एक उत्तरायुष्य आहे. पंथ बदलला तरी जात सुटत नाही, असे न्यायालयाने १९५४ मध्ये म्हटले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. महानुभाव पंथ हिंदू परिघात धरला गेला. बौद्ध धम्म त्याबाहेर. परिणामी, दीक्षा घेतलेल्यांना लोकसभेच्या राखीव जागा लढवता येईनात. ही अडचण १९९० च्या कायद्याने दूर झाली.
म्हणजे साडेतीन दशके, ज्या चळवळीने राखीव जागांचा प्रश्न ऐरणीवर आणला, तिचेच धम्मदीक्षित कार्यकर्ते त्या जागांपासून दूर होते.

२८/
आणि १९९८ मध्ये इतिहासाने एक वळण घेतले. रिपब्लिकन चळवळीचे चार नेते एकाच वेळी लोकसभेत गेले : अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले आणि भंडाऱ्याच्या शेजारच्या चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. चारही जागा सर्वसाधारण होत्या. काँग्रेसशी झालेल्या समझोत्यात जोडीदाराची मते खरोखर मिळाली.
१९५२ आणि १९५४ मध्ये राखीव जागेवर जे साधले नव्हते, ते इथे खुल्या जागांवर साधले. मर्म तेच होते : मते एका हातातून दुसऱ्या हातात पोहोचली का?

२९/
आज लाखांदूरचा मतदार विधानसभेसाठी साकोलीत आणि लोकसभेसाठी भंडारा-गोंदियात मत देतो. 'मुंबई शहर उत्तर' हे नाव निवडणूक आयोगाच्या जुन्या अहवालांत उरले आहे.
पण नकाशे पुन्हा आखले जाणार आहेत. लोकसभेच्या जागांची राज्यनिहाय संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे; त्यानंतर पुनर्रचनेचा प्रश्न पुन्हा उभा राहील. तेव्हा सीमारेषा कुठून गेली, एवढेच पाहू नका. मते कशी मोजली जाणार, राखीव जागा कुणाच्या कौलाने भरणार, हेही विचारा.

३०/
१९५१ च्या कायद्यातील एक वाक्य असे सांगत होते की, एका उमेदवाराला एकाहून अधिक मत देता येणार नाही. वाचताना ते किती निरुपद्रवी वाटते! त्या वाक्याने कुणावर उघड अन्याय केला नाही आणि कुणाचे नावही घेतले नाही. पण परळच्या चाळीत आणि साकोली तहसिलीतल्या धानाच्या बांधावर त्याचा अर्थ एकच झाला : तुमचा माणूस तुमच्या मतांनी येणार नाही, शेजाऱ्याच्या दुसऱ्या मताने येईल.
शेजाऱ्याने ते मत दोनदा दिले नाही. निवडणुकांचा इतिहास वाचताना म्हणूनच विजेत्यांच्या यादीसोबत नियमांचे पुस्तकही उघडे ठेवावे.